कान वाजतात म्हणून बेरा करायला गेले तेव्हा

आधी मला ते रातकिडेच वाटले. आमचं घर जामसंड्याहून आतल्या अंगाला, कलमांच्या बागेला लागून. पावसाळ्यात इथे रात्रीची किरकिर इतकी असते की तिच्यात आणखी एक मिसळली तर कळायचं कसं? मग थंडी पडली, बाहेरचे किडे गप्प झाले आणि माझा एक चालूच राहिला. डाव्या कानात. बारीक, एका सुरात, कधीच न थांबणारा.

खात्री पटली ती महाशिवरात्रीनंतर. माझं माहेर कुणकेश्वरचं, घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. यात्रा उलगली, दुकानं उठली, की मी दरवर्षी दोन दिवस निवांत राहायला जाते. त्या वर्षी पहिल्याच रात्री अशी झोप लागली की सकाळी आईने हलवून उठवलं. दुसऱ्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, इथे तो आवाज नाही. समुद्राची गाज आहे आणि तिच्याखाली तो बुडालाय. घरी परतले, दिवा मालवला आणि तो हजर. म्हणजे हा बाहेरचा नव्हताच, माझ्याबरोबर फिरत होता.

आमची गिरण आहे. भाताचा हलर, पिठाची चक्की आणि मिरची कांडपाचं मशीन, तिन्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 23 वर्षं, मी तिथे उभी राहते. एप्रिल-मेमध्ये मसाल्याचे दिवस आले की सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत मशीनला उसंत नसते. मी जिथे उभी राहते तिथे हलर माझ्या डाव्या हाताला येतो. हे मुद्दाम लिहिते, कारण एवढी साधी गोष्ट चार वर्षांत मला कुणी विचारली नव्हती. पुढे रत्नागिरीला ज्या मुलीने माझे कान तपासले तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारली.

त्या चार वर्षांत काय काय केलं ते थोडक्यात सांगते. कानातला मळ काढून घेतला. लसणीचं तेल कोमट करून घातलं, ते कुणी करू नका, माझा कान आठवडाभर ठणकत होता. गिंको नावाच्या झाडाच्या पानांपासून केलेल्या गोळ्या तीन महिने घेतल्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने टिनिटससाठी, म्हणजे कान वाजण्यासाठी, गिंको, झिंक, मेलाटोनिन देऊ नये असं 2014 मध्येच लिहून ठेवलंय, हे मला नंतर कळलं. एका डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, ‘मनाक लावन घेव नकात, दुर्लक्ष करा.’ त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण त्या दिवशी एसटीत बसून मी घरापर्यंत विचार करत आले, की मला खरंच ऐकू येतंय की मी ते रचतेय? आवाजापेक्षा ही शंका वाईट होती.

सासूबाईंनी मात्र ऐकून घेतलं. त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं, कानांत बोटं घातली की आतला घोष ऐकू यायला हवा, तो बंद झाला की माणूस फार दिवसांचा नसतो. ‘तुझो तर बोटां न घालता वाजता, म्हणजे तू शंभर वर्सां जगतलंस,’ म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. औषध नव्हतं ते, पण त्यांनी आवाज खरा धरला.

शेवटी कणकवलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीने पडदा बघितला, काट्यासारखं एक यंत्र मांडीवर आपटून कानाजवळ धरलं आणि मग काचेच्या खोलीत बसवून ऑडिओग्राम केला. 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर दोन रेघा आल्या. उजवी जवळपास सरळ. डावी सरळ चालत येते आणि 4000 ला खड्ड्यात उतरते, 45 डेसिबलपर्यंत, पुढे थोडी वर येते. ‘ही मशीनच्या आवाजाची खूण,’ डॉक्टर म्हणाले. सतत मोठा आवाज ऐकणाऱ्या माणसाचा कान बहुतेक याच जागी आधी झिजतो. आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

पण दोन कानांत फरक होता आणि आवाज एकाच बाजूला होता, म्हणून त्यांनी बेरा लिहून दिली. पूर्ण नाव ब्रेनस्टेम इव्होक्ड रिस्पॉन्स ऑडिओमेट्री. कानात आवाज सोडायचा आणि मेंदू त्याला काय उत्तर देतो ते मोजायचं. मी सरळ विचारलं, ‘कॅन्सरची भीती आहे काय?’ ते म्हणाले, कॅन्सर नव्हे, पण ऐकण्याच्या नसेवर साधी गाठ असू शकते, क्वचित असते, पण ती नाही हे बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. हे स्पष्ट बोलणं मला फार बरं वाटलं.

सूचना अशा होत्या: आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवायचं, तेल लावायचं नाही, कपाळावर क्रीम-पावडर नको, कानात कुड्या नकोत, रात्री झोप थोडी कमी झाली तरी चालेल. शेवटची वाचून मी हसले. झोप कमीच होती.

कणकवलीहून सकाळच्या गाडीने रत्नागिरी. लेक तिथे शिकते, ती स्टेशनवर घ्यायला आली. तपासणी करणारी ऑडिओलॉजिस्ट पंचविशीची मुलगी, मालवणची निघाली. माझं आडनाव-गाव विचारून झालं आणि ती लगेच आमच्याच बोलीत बोलायला लागली. तिने आधी सगळी हकिगत लिहून घेतली. आवाज कसला, केव्हापासून, नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, चक्कर येते का, काम कसलं, मशीन कुठल्या बाजूला. मग 25 प्रश्नांचा कागद दिला. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी म्हणतात त्याला, 1996 मध्ये अमेरिकेत तयार झाला. प्रत्येक प्रश्नाला हो, कधीकधी किंवा नाही. होला 4, कधीकधीला 2, नाहीला 0. आवाजामुळे झोप मोडते का, लोकांचं बोलणं समजायला त्रास होतो का, चिडचिड होते का, यातून सुटका नाही असं वाटतं का. त्या शेवटच्या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबले. हा प्रश्न कुणीतरी छापलाय याचा अर्थ तसं वाटणारी मी पहिली नव्हते. माझे 52 आले. 38 ते 56 म्हणजे मध्यम त्रास. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाला एक आकडा मिळाला.

मग बेरा. खोली लहान, भिंतींना फोम, दिवा मंद, एक पलंग. तिने दाणेदार पेस्टने माझं कपाळ आणि दोन्ही कानांमागची हाडं घासली, जरा चरचरलं. त्यावर जेल लावून चार इलेक्ट्रोड चिकटवले: एक कपाळावर केसांच्या रेषेशी, एक त्याच्या खाली, एकेक कानांमागे. कानांत पिवळी मऊ बोळं, त्यांना नळ्या. मोबाइल बाहेर. ‘काकी, आता डोळे मिटा. दात आवळू नका, गिळू नका जमला तर. झोप इली तर निजा.’

क्लिक सुरू झाले. टक-टक-टक-टक, सेकंदाला अकरा. दुसऱ्या कानात मंद शूऽऽ, म्हणजे त्या कानाने चोरून ऐकू नये. मला वाटलं होतं आपल्याला काहीतरी करावं लागेल, बटण दाबावं लागेल. काहीच नाही. या तपासणीची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. माझ्या ‘हो’ आणि ‘नाही’वर ती अवलंबून नव्हती. म्हणून तर नुकत्या जन्मलेल्या बाळाचीसुद्धा करतात, ते झोपलेलं असताना.

मधेच तिने थांबवलं. माझा जबडा आवळलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. गिरणीत दिवसभर दात आवळूनच उभं राहायची सवय. स्नायूंची वीज मेंदूच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठी असते, तिच्यामुळे पडदा भरून जातो. तिने खांद्याखाली उशी सरकवली, म्हणाली, ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवा. पुन्हा सुरुवात.

तीन मिनिटांत 2000 क्लिक. मग तेच पुन्हा एकदा, कारण दोन्ही वेळची रेघ एकमेकींवर बसली तरच ती खरी मानायची. मग उजवा कान. मग आवाज टप्प्याटप्प्याने कमी करत. मी मधे झोपले असावे, कारण पुढचं आठवतं ते तिने इलेक्ट्रोड काढताना.

‘दाखव गो,’ मी म्हटलं, ‘माझ्या डोक्यात काय सापडला?’ तिने खुर्ची स्क्रीनकडे वळवली आणि अर्धा तास दिला. इतका वेळ मला कुणी दिला नव्हता, म्हणून तिने सांगितलेलं जमेल तेवढं इथे लिहिते.

मेंदूत वीज सतत चालू असते. माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा नोंदवली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी, 1924 मध्ये. ही रोजची वीज दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची. एका क्लिकला मेंदूच्या देठाकडून, म्हणजे ब्रेनस्टेमकडून, मिळणारं उत्तर मात्र एका मायक्रोव्होल्टच्याही आतलं. ते या गलक्यात दिसणार कसं? म्हणून 2000 वेळा. प्रत्येक क्लिकनंतरचे पहिले दहा मिलिसेकंद एकावर एक ठेवायचे आणि सरासरी काढायची. क्लिकला बांधलेलं उत्तर दर वेळी त्याच जागी येतं, म्हणून टिकतं. बाकीची वीज कधी वर, कधी खाली, ती एकमेकींना खाऊन टाकते. मी म्हटलं, हे तर पाखडणं झालं. सुपाला एक झटका दिला तर काही कळत नाही, झटके देत राहिलं की तूस उडतं आणि तांदूळ सुपात राहतो. ती म्हणाली, ‘काकी, ह्या मी आता सगळ्या पेशंटांका सांगतलंय.’

सुपात राहिलेला तांदूळ म्हणजे पाच-सात लहान टेकड्या. 1970-71 मध्ये डॉन ज्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्या नीट वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हापासून त्यांना रोमन आकड्यांनी ओळखतात. पहिली टेकडी ऐकण्याच्या नसेची, क्लिकनंतर साधारण दीड मिलिसेकंदाने. तिसरी मेंदूच्या देठात खालच्या बाजूची. पाचवी सगळ्यांत ठळक, देठाच्या वरच्या भागातून, साडेपाचच्या आसपास. टपाल एकेका नाक्यावरून किती वाजता गेलं याची नोंद असावी तसं. नसेवर कुठे दाब असेल तर पुढच्या नाक्यांवर उशीर होतो. माझी उजवी पाचवी 5.7 वर, डावी 5.8 वर. पहिलीपासून पाचवीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे 4 मिलिसेकंद. वाटेत अडथळा दिसत नव्हता.

मी विचारलं, ‘आणि माझो आवाज? तो खंय दिसता?’

ती जरा थांबली. मग म्हणाली, दिसत नाही. हे मशीन बाहेरून सोडलेल्या आवाजाचं उत्तर मोजतं. तुमचा आवाज कधी सुरू होतो ते मशीनला माहीत नाही, त्यामुळे तो सरासरीत पुसला जातो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण तिने पुढे सांगितलं की आवाज दिसत नाही याचा अर्थ आवाज नाही असा होत नाही, आणि तो मोजायचा दुसरा रस्ता आहे, तो आत्ता करू.

पुन्हा काचेच्या खोलीत. आता ती वेगवेगळे सूर उजव्या कानात सोडायची आणि विचारायची, तुमचा याच्यापेक्षा जाड की बारीक? दोन-दोन सूर समोरासमोर ठेवून आम्ही वर सरकत गेलो. 3000 ला मी म्हटलं बारीक, 8000 ला म्हटलं जाड. 6000 ला माझ्या अंगावर काटा आला. हाच. चार वर्षं जो फक्त मला माहीत होता तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखालच्या बटणावर होता. मी तिला म्हटलं, तू पण आयक एकदा. तिने हेडफोन लावून ऐकला आणि मान हलवली.

मग जोर. मी म्हटलं असतं की माझा आवाज गिरणीएवढा. जुळला तो त्या सुरातल्या माझ्या ऐकण्याच्या हद्दीच्या फक्त 7 डेसिबल वर. ऐकून मी गप्प झाले, मला वाटलं आता हीसुद्धा म्हणणार की एवढंच? ती म्हणाली, बहुतेकांचा असाच जुळतो, अगदी झोप उडालेल्यांचाही. किती मोठा वाजतो आणि किती छळतो यांचा फारसा संबंध नसतो. म्हणूनच तो 25 प्रश्नांचा कागद.

सगळ्यात शेवटी तिने डाव्या कानात एक खरखर सोडली, माझ्या आवाजाहून थोडी मोठी. एक मिनिट. आणि बंद केली.

काहीच नव्हतं.

काचेपलीकडे ती घड्याळ बघत होती. माझा श्वास ऐकू येत होता, पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचं अगदी अंधुक कळलं, आणि डाव्या कानात काही नाही. मी हात वर करून बसले होते, आवाज परत आला की खाली करायचा होता. 40 सेकंद. मग तो लांबून आल्यासारखा हळूहळू उमटला आणि जागेवर येऊन बसला. मी हात खाली केला तेव्हा माझे डोळे भरलेले होते. ती आत आली, पाणी दिलं, काही बोलली नाही. याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात. सगळ्यांना होत नाही, झालं तरी थोड्याच वेळाचं असतं. पण त्या 40 सेकंदांत मला कळलं की तो कायमचा ठोकलेला खिळा नव्हे, मेंदू त्याला सोडू शकतो.

मेंदू मुळात हे करतो कशाला, याचंही तिने उदाहरण दिलं. रेडिओ केंद्र लांबचं असलं की आपण आवाज वाढवतो, बातम्या ऐकू येतात, पण खरखरही वाढते. कानाकडून येणारा माल कमी झाला की मेंदू आतलं बटण फिरवतो, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. 2011 मध्ये लंडनच्या शेटे आणि मॅकअल्पाइन यांनी कान वाजणाऱ्या पण ऑडिओग्राम चांगला असलेल्या स्त्रियांची हीच तपासणी केली. त्यांची पहिली टेकडी इतरांपेक्षा लहान निघाली आणि पाचवी मात्र इतरांएवढीच. म्हणजे नसेकडून कमी आलं आणि वर जाईपर्यंत कुणीतरी ते भरून काढलं. मी लगेच स्क्रीनवर माझी पहिली टेकडी शोधायला लागले. तिने थांबवलं: हा फरक माणसांच्या गटांत दिसतो, एकेका माणसाची टेकडी बघून त्याचं कान वाजणं ठरवता येत नाही.

लेकीने नंतर घरी आणखी एक वाचून दाखवलं. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बायोनिक्स इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी डोक्यावर एक टोपी चढवून, तिच्यातून इन्फ्रारेड उजेड सोडून, मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन कसा बदलतो ते मोजलं. 25 कान वाजणारे, 21 न वाजणारे. शांत बसलेले असताना आणि आवाज ऐकताना. त्या नोंदी संगणकाला दिल्या, तर कुणाला आहे-नाही आणि कुणाचा सौम्य, कुणाचा जास्त, हे त्याने बऱ्यापैकी ओळखलं. थोड्या माणसांवरचं काम आहे. तरी मी लेकीला ते दोनदा वाचायला लावलं. ज्याला कधी ‘मनाक लावन घेव नकात’ ऐकावं लागलंय त्याला का ते कळेल.

कणकवलीच्या डॉक्टरांनी बेराचा कागद बघून समाधान मानलं, तरी एमआरआय करायलाच लावला. एक सेंटिमीटरहून लहान गाठ बेरातून निसटू शकते, म्हणाले. एका बाजूचाच कान वाजत असेल तर माझं ऐका, बेरा चांगली आली म्हणून एमआरआय टाळू नका. माझा स्वच्छ आला.

इलाज म्हणाल तर गोळी नाही. रात्री पूर्ण शांततेत झोपायचं नाही, मंद काहीतरी वाजत ठेवायचं, तेही आवाज बुडवेल इतकं मोठं नाही, त्याच्या बरोबरीला येईल एवढंच. त्या मुलीने पावसाचा आवाज फोनवर घालून दिला होता. मी तो काढला आणि कुणकेश्वरला जाऊन संध्याकाळी भरतीची गाज रेकॉर्ड करून आणली, 22 मिनिटांची. शेवटाकडे आईची ‘जेवक ये गो’ अशी हाक आहे, ती ठेवलीय. सहा महिन्यांनी तोच 25 प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, 52 चे 30 झाले. आवाज तेवढाच आहे, 6000 वर.

गिरणीत लेकीने फोनवर मोजून बघितलं तर हलर आणि कांडप एकत्र चालू असताना 96 डेसिबल दाखवत होता. 85 च्या वर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका, असं जगभर मानतात. फोनचं मोजमाप काटेकोर नसेल, पण एवढा फरक चुकीचा नसतो. आता पट्ट्याशेजारच्या खुंटीवर दोन इअरमफ टांगलेले असतात, एक माझा, एक ह्यांचा. ह्यांनी पहिला महिना लावला नाही. मग त्यांचा ऑडिओग्राम केला. दोन्ही कानांत 4000 ला खड्डा, माझ्याहून खोल, आणि कान मात्र वाजत नाहीत, म्हणून त्यांना इतकी वर्षं काही कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून सकाळी मोटर सुरू करण्याआधी तेच माझा इअरमफ काढून माझ्या हातात देतात. दळण घेऊन येणाऱ्यांना आम्ही खुणेने विचारतो, दोन बोटं चोळली तर बारीक, मूठ दाखवली तर जाड. सगळ्यांना आता ते पाठ झालंय.